सुपरनोव्हांचे वर्णपटीय वर्गीकरण : एक चिकित्सक परामर्श

सारांश

अतिदीप्त नवताऱ्यांचे, म्हणजे सुपरनोव्हांचे, वर्णपटाच्या आधारे वर्गीकरण करण्याची पद्धती १९४१ साली रूढ झाली व अनेक दुरुस्त्यांनिशी आजही प्रचलित आहे. विश्वाच्या प्रसरणाविषयीचे महत्त्वाचे निष्कर्ष या वर्गीकरणावर उभे आहेत. प्रस्तुत लेखात या पद्धतीची ऐतिहासिक वाटचाल, तिचे तार्किक अधिष्ठान व तिच्या मर्यादा यांची चिकित्सा केली आहे. वर्ग हे निरीक्षणाचे वर्णन आहे, स्फोटाच्या कारणाचे निदान नव्हे, हा भेद विसरला गेल्यास कोणते दोष निर्माण होतात हे उदाहरणांनी दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

बीजसंज्ञा : सुपरनोव्हा, वर्णपट, वर्गीकरण, शोषण रेषा, श्वेत बटू, गाभ्याचे अवपतन.

१. प्रास्ताविक

कोणत्याही ज्ञानशाखेत वर्गीकरण ही पहिली पायरी मानली जाते. वनस्पतिशास्त्रातील कुले, ग्रंथालयातील विषयक्रम, वैद्यकातील रोगांची नावे ही सर्व विविधतेला आवर घालण्याची साधने आहेत. मात्र वर्ग पाडताना कोणते लक्षण प्रमाण मानले, यावर त्या वर्गीकरणाचे भवितव्य अवलंबून असते. पूर्वी वैद्यकात 'ताप' हाच रोग समजला जाई व त्याचे प्रकार तो किती दिवसांनी उलटतो यावरून ठरत. पुढे जंतू व परोपजीवी यांचा शोध लागल्यावर एकाच प्रकारच्या तापामागे भिन्न कारणे आणि एकाच कारणामागे भिन्न ताप आढळले. सुपरनोव्हांच्या वर्गीकरणाची कथाही याच वळणाने गेली आहे.

सुपरनोव्हाचा अभ्यासक दुर्बिणीला जोडलेल्या वर्णपटलेखकातून आलेला प्रकाश तरंगलांबीनुसार विभागतो आणि मिळालेल्या आलेखातील उंचवटे व खाचा वाचतो. कोट्यवधी प्रकाशवर्षे दूर असलेल्या, पुन्हा कधीही न घडणाऱ्या एका घटनेविषयी त्याच्या हाती असलेला हा सर्वांत समृद्ध पुरावा होय. या पुराव्यातून नेमके काय सिद्ध होते आणि काय होत नाही, हा या लेखाचा विषय आहे.

२. मिन्कोव्स्की यांची विभागणी

वाल्टर बाडे व फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३४ मध्ये सामान्य नवतारे आणि सुपरनोव्हा यांतील फरक स्पष्ट केला आणि सामान्य ताऱ्याचे न्यूट्रॉन ताऱ्यात होणारे रूपांतर हे या स्फोटाचे मूळ असावे, अशी कल्पना मांडली. त्यानंतर सात वर्षांनी रुडॉल्फ मिन्कोव्स्की यांनी १४ सुपरनोव्हांच्या वर्णपटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी नऊ एकमेकांशी विलक्षण साम्य असलेले होते. त्यांना त्यांनी 'प्रकार १' म्हटले. उरलेल्या पाचांना 'प्रकार २' असे नाव मिळाले. दुसऱ्या प्रकारात हायड्रोजनच्या रेषा होत्या, पहिल्यात नव्हत्या.

या मांडणीचे दोन विशेष लक्षात घेण्याजोगे आहेत. पहिला असा की, मिन्कोव्स्की यांनी ही नावे तात्पुरती म्हणून दिली होती. दुसरा असा की, 'प्रकार १' च्या वर्णपटातील रेषा कोणत्या मूलद्रव्याच्या आहेत हे त्या वेळी माहीत नव्हते. त्या वर्गाच्या ओळखीची खूण ठरलेली, ६१५० अँगस्ट्रॉमजवळची खोल खाच आयनीभूत सिलिकॉनची आहे, हे प्स्कोव्स्की यांच्या १९६९ मधील कामातून स्पष्ट झाले. सिलिकॉनची ती रेषा मुळात ६३५५ अँगस्ट्रॉमची; पण स्फोटातील द्रव्य सेकंदाला सुमारे १०,००० किलोमीटर वेगाने निरीक्षकाकडे येत असल्याने ती निळ्या बाजूला सरकलेली दिसते. म्हणजे जवळजवळ तीन दशके एक वर्ग अस्तित्वात होता, वापरला जात होता, आणि त्याच्या लक्षणाचा अर्थ कोणासही ठाऊक नव्हता. अर्थ न कळताही साम्य अचूक टिपता येते, ही वर्णनात्मक वर्गीकरणाची शक्ती येथे दिसते.

झ्विकी यांनी १९६० च्या दशकात तिसरा, चौथा व पाचवा असे आणखी प्रकार सुचविले. ते टिकले नाहीत. त्यांतील उदाहरणे पुढे दुसऱ्या प्रकारातील विचित्र सदस्य म्हणून गणली गेली, तर काहींना सुपरनोव्हा म्हणावे की नाही हाच प्रश्न झाला. एकेका उदाहरणासाठी नवा वर्ग काढण्याचा मोह या शास्त्राला तेव्हापासून आहे आणि तो अद्याप ओसरलेला नाही.

३. १९८० च्या दशकातील दुरुस्ती

हायड्रोजनचा अभाव असूनही सिलिकॉनची खाच नसलेले सुपरनोव्हा बेर्तोला यांनी १९६० च्या दशकातच नोंदविले होते. त्यांना 'विचित्र' म्हणून बाजूला ठेवले गेले. १९८३ व १९८४ मध्ये एसएन १९८३एन व एसएन १९८४एल यांचे वर्णपट मिळाल्यावर हे विचित्र सदस्य एका स्वतंत्र वर्गाचे आहेत हे मान्य करावे लागले. सिलिकॉन असलेला तो १ए, हेलियम असलेला तो १बी, आणि दोन्ही ठळकपणे नसलेला तो १सी, अशी त्रिविध विभागणी दशकाअखेर स्थिरावली. दुसऱ्या प्रकारातही प्रकाशवक्राच्या आकारावरून २पी व २एल, आणि १९९० मध्ये श्लेगेल यांच्या सूचनेवरून अरुंद रेषांचा २एन हे उपवर्ग आले. अलेक्सेई फिलिपेन्को यांच्या १९९७ च्या आढावा लेखाने या सर्व शाखांना एकत्र रूप दिले. पाठ्यपुस्तकांतून आज शिकविला जाणारा वर्गीकरणवृक्ष मुख्यतः त्याच लेखातील मांडणीचा आहे.

या वृक्षातील मूळ विसंगती आता सर्वमान्य आहे. १ए हा कार्बन-ऑक्सिजनच्या श्वेत बटूचा अणुकेंद्रीय स्फोट मानला जातो. त्यात तारा संपूर्ण उद्ध्वस्त होतो. १बी, १सी व दुसरा प्रकार यांत सूर्याच्या सुमारे आठपटींहून अधिक वस्तुमानाच्या ताऱ्याचा गाभा स्वतःच्या भाराने कोसळतो. १बी व १सी यांच्या जनकताऱ्यांनी स्फोटापूर्वी आपले बाह्य आवरण गमावलेले असते, एवढाच त्यांचा दुसऱ्या प्रकाराहून फरक. अर्थात १बी चे नाते १ए शी नसून २ शी आहे. नाव एका घराण्याचे आणि रक्त दुसऱ्याचे, अशी ही स्थिती होय. विद्यार्थ्यांच्या मनात याने होणारा गोंधळ प्रत्येक अध्यापकाच्या परिचयाचा असेल.

या विसंगतीचे मूळ हे की, मिन्कोव्स्की यांनी निवडलेले लक्षण ताऱ्याच्या पृष्ठभागाचे आहे, तर स्फोटाचे कारण गाभ्यात आहे. तरीही १९८० च्या दशकात नवी नावे जुन्या चौकटीतच बसविण्यात आली. ग्रंथसंग्रह व जुन्या नोंदी यांचे सातत्य राखण्यासाठी ते सोयीचे होते; परंतु सोयीची किंमत संकल्पनेला मोजावी लागली.

४. अभाव आणि अदर्शन

वर्गीकरणवृक्षातील प्रत्येक फाट्यावर 'अमुक मूलद्रव्य आहे की नाही' असा प्रश्न विचारला जातो. वर्णपट मात्र 'अमुक रेषा दिसते की नाही' एवढेच सांगतो. या दोन प्रश्नांतील अंतर हा प्रस्तुत चिकित्सेचा मध्यवर्ती मुद्दा आहे.

हेलियमचे उदाहरण घ्यावे. हेलियमच्या दृश्य रेषा उमटण्यासाठी त्याचे इलेक्ट्रॉन फार उच्च ऊर्जास्तरांवर जावे लागतात. सुपरनोव्हाच्या आवरणाचे तापमान त्यास सहसा पुरे पडत नाही. किरणोत्सारी निकेल व कोबाल्ट यांपासून निघणाऱ्या गॅमा किरणांनी मुक्त केलेले वेगवान इलेक्ट्रॉन हे काम करतात. निकेल जर गाभ्यातच राहिले, हेलियमच्या थरापर्यंत मिसळले नाही, तर हेलियम असूनही त्याची रेषा उमटणार नाही. मग ज्यास १सी म्हटले तो खरोखर हेलियमरहित आहे, की त्याचे हेलियम अप्रकाशित राहिले आहे? याचे उत्तर वर्गनामात नाही. ते सविस्तर प्रारण-गणितातूनच मिळू शकते.

हायड्रोजनच्या बाबतीत अडचण उलट दिशेने येते. सूर्याच्या वस्तुमानाच्या काही शतांशांइतका हायड्रोजन शिल्लक असला तरी तो ठळक रेषा देऊ शकतो. तेव्हा १बी आणि २बी यांच्यामधील सीमा म्हणजे एका अत्यंत पातळ थराचे असणे वा नसणे. निसर्गात सलग असलेल्या क्रमावर आखलेली ही रेघ आहे. ती उपयुक्त आहे, पण तिच्या दोन्ही बाजूंना भिन्न जातीचे तारे आहेत असे समजणे चुकीचे ठरेल.

एसएन २००२आयसी चे प्रकरण याहून बोलके आहे. हामुई व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये त्यास हायड्रोजनच्या रेषा दाखविणारा १ए ठरविले. व्याख्येनुसार पहिल्या प्रकारात हायड्रोजन नसावयास हवा. म्हणजे वृक्षाच्या पहिल्याच फाट्यावरील प्रश्न येथे निरुत्तर झाला. पुढे २००६ मध्ये बेनेत्ती व सहकाऱ्यांनी तोच सुपरनोव्हा आवरण गमावलेल्या जड ताऱ्याचा, दाट वायूत घडलेला स्फोट असावा असा पर्याय मांडला. एकाच पुराव्याचे परस्परांहून अगदी भिन्न असे दोन अर्थ जाणकारांनीच लावले, हे लक्षणावरून कारणाकडे जाणारी वाट किती निसरडी आहे याचे द्योतक आहे.

५. काळाचा प्रश्न

सुपरनोव्हा ही वस्तू नसून घटना आहे. तिचे आवरण प्रसरण पावत विरळ होते आणि निरीक्षकाची दृष्टी दिवसेंदिवस अधिक आतल्या थरापर्यंत पोहोचते. साहजिकच वर्णपट बदलतो. फिलिपेन्को यांनी अभ्यासलेला एसएन १९८७के प्रारंभी दुसऱ्या प्रकारचा होता व काही महिन्यांनी १बी सारखा झाला. मार्च १९९३ मध्ये एम८१ या दीर्घिकेत आढळलेल्या एसएन १९९३जे ने हाच क्रम अधिक स्पष्टपणे दाखविला आणि २बी हा वर्ग पक्का झाला. एसएन २०१४सी ने उलटा प्रवास केला. प्रथम तो १बी होता; काही महिन्यांतच त्याच्या वर्णपटात हायड्रोजन प्रबळ झाला, कारण स्फोटाचा आघात ताऱ्याने पूर्वी टाकलेल्या आवरणावर जाऊन आदळला होता.

एम१०१ या दीर्घिकेत १९ मे २०२३ रोजी कोइची इतागाकी यांनी शोधलेला एसएन २०२३आयएक्सएफ हे याचे अलीकडचे उदाहरण. पहिल्या काही दिवसांत त्याच्या वर्णपटात ताऱ्याभोवतीच्या दाट वायूमुळे उमटलेल्या अरुंद रेषा होत्या. सुमारे आठवड्यात त्या मावळल्या व पुढे नेहमीच्या दुसऱ्या प्रकाराचे रुंद वर्णपट मिळाले. दहाव्या दिवशी प्रथमच दुर्बीण वळविणाऱ्या निरीक्षकाला त्या रेषांचा मागमूसही लागला नसता. तेव्हा 'हा सुपरनोव्हा कोणत्या वर्गाचा' या प्रश्नाचे पूर्ण उत्तर 'स्फोटानंतर कितव्या दिवशी' हे सांगितल्याखेरीज देता येत नाही. नोंदसूचीत मात्र बहुधा एकच नाव उरते आणि ते पहिल्या उपलब्ध वर्णपटावरून दिलेले असते.

येथे भारतीय निरीक्षणांचा उल्लेख अप्रस्तुत ठरणार नाही. लडाखमधील हान्ले येथे सुमारे ४,५०० मीटर उंचीवर भारतीय ताराभौतिकी संस्थेची दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्रा दुर्बीण आहे. जी. सी. अनुपमा, डी. के. साहू व त्यांचे सहकारी यांनी तिच्या साहाय्याने एसएन २००३डीयू, एसएन २००५एचके यांसारख्या सुपरनोव्हांचे दीर्घकाळ सलग वर्णपट घेतले. यांतील दुसरा १ए सारखा दिसणारा, पण मंद व संथ असा होता. त्याच्या चारशे दिवसांच्या वाटचालीची नोंद झाल्यामुळेच त्याचे वेगळेपण नीट कळले. एसएन २०२३आयएक्सएफ च्या निरीक्षणातही या दुर्बिणीचा सहभाग होता. पुण्याजवळ गिरावली येथील आयुकाची २००६ मध्ये कार्यान्वित झालेली दोन मीटरची दुर्बीणही अंधुक वस्तूंच्या वर्णपटलेखकाने सज्ज आहे. एकच सुपरनोव्हा अनेक महिने पाहत राहणे, हे मध्यम आकाराच्या दुर्बिणींना जमणारे आणि महाकाय दुर्बिणींच्या वेळापत्रकात न बसणारे काम आहे. वर्गीकरणाच्या गुणवत्तेत अशा निरीक्षणांचा वाटा मोठा आहे.

६. विश्वरचनाशास्त्राचा भार

१ए सुपरनोव्हांची कमाल तेजस्विता एकसारखी नसली तरी तेज मावळण्याच्या गतीवरून ती दुरुस्त करता येते, हे फिलिप्स यांनी १९९३ मध्ये दाखविले. त्या आधारावर १९९८ मध्ये दोन गटांनी विश्वाचे प्रसरण वेगवान होत असल्याचा निष्कर्ष काढला. या कार्यासाठी सॉल पर्लमटर, ब्रायन श्मिट व अॅडम रीस यांना २०११ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या निष्कर्षाची पहिली अट अशी की, मोजमापात घेतलेले सुपरनोव्हा १ए च असले पाहिजेत. पण दूरच्या सुपरनोव्हाचा प्रकाश विश्वाच्या प्रसरणामुळे तांबड्या बाजूला सरकलेला असतो. तरंगलांबी दीडपट झाली की ६१५० ची खाच ९२०० च्या पुढे जाते. तेथे पृथ्वीच्या वातावरणाची स्वतःची चमक तीव्र असते आणि अंधुक वस्तूची रेषा तीत बुडून जाते. म्हणजे व्याख्येतील मुख्य लक्षणच हाती राहत नाही. कॅल्शियमच्या खाचा, निळ्या भागातील सिलिकॉनची क्षीण रेषा व एकूण आलेखाचे साम्य यांवर भिस्त ठेवावी लागते. १सी सुपरनोव्हा या अवस्थेत १ए शी मिळताजुळता दिसू शकतो.

याचा अर्थ १९९८ चा निष्कर्ष डळमळीत आहे असा होत नाही. वैश्विक सूक्ष्मतरंग प्रारण व दीर्घिकांची मांडणी या स्वतंत्र मार्गांनीही त्यास बळकटी मिळाली आहे. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दूरच्या सुपरनोव्हांच्या अंधुकपणाचे स्पष्टीकरण दीर्घिकांमधील धातुमय धुळीच्या आधारे देण्याचा पर्याय मांडला होता. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी तो स्वीकारला नाही. त्या वादातून एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे: 'हा १ए आहे' हे मान्य केल्यानंतरही 'म्हणून तो इतका दूर आहे' येथपर्यंत पोहोचण्यास आणखी काही गृहीतके लागतात आणि ती उघडपणे मांडली गेली पाहिजेत.

७. साचे, यंत्रे आणि विपुलता

पूर्वी अनुभवी निरीक्षक आलेख पाहून वर्ग सांगत. आता नवा वर्णपट संगणकातील नमुना-वर्णपटांशी ताडून पाहिला जातो. ब्लोंदँ व टोनरी यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेली आज्ञावली यासाठी मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. या पद्धतीने व्यक्तिनिष्ठता कमी झाली. तथापि तुलना नेहमी संग्रहात जे आहे त्याच्याशीच होते. संग्रहात १ए चे नमुने विपुल व १बी, १सी चे मोजके असतील, तर संदिग्ध वर्णपट १ए कडे झुकण्याचा धोका राहतो. मारियम मोद्जाझ व सहकाऱ्यांनी २०१४ ते २०१६ या काळात आवरण गमावलेल्या सुपरनोव्हांचे नमुने वाढवून व रेषांची संख्यात्मक मोजणी करून ही उणीव भरण्याचा प्रयत्न केला. प्रेन्टिस व माझाली यांनी २०१७ मध्ये हेलियम रेषांच्या तीव्रतेवर आधारित मोजपट्टी सुचविली. 'आहे-नाही' ऐवजी 'किती' असे विचारणाऱ्या या प्रयत्नांचे मोल विशेष आहे.

दरम्यान शोधांचा ओघ निरीक्षणक्षमतेच्या फार पुढे गेला आहे. पालोमार येथे २०१८ मध्ये सुरू झालेल्या झ्विकी सर्वेक्षणासाठी दीड मीटरच्या दुर्बिणीवर केवळ वर्गीकरणाकरिता घडविलेला, मुद्दाम स्थूल विभेदनाचा वर्णपटलेखक वापरला जातो. त्या सर्वेक्षणातील वर्गीकृत सुपरनोव्हांची संख्या २०२४ अखेर १०,००० वर पोहोचली. तरीही जगभर नोंदल्या जाणाऱ्या नव्या घटनांपैकी साधारणपणे दहांतील एकाच घटनेला वर्णपट लाभतो. चिलीतील रुबिन वेधशाळेची पहिली छायाचित्रे जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या दहा वर्षांच्या सर्वेक्षणातून लक्षावधी सुपरनोव्हा अपेक्षित आहेत. बहुतेकांचा वर्ग केवळ तेजाच्या चढउतारावरून, यंत्रशिक्षणाने ठरवावा लागेल.

हा मार्ग अशक्य नाही. डार्क एनर्जी सर्वेक्षणाने २०२४ मध्ये वर्णपटाविना वर्गीकृत केलेल्या १,६३५ सुपरनोव्हांवरून विश्वरचनेचे निष्कर्ष दिले. प्रत्येक सुपरनोव्हा १ए असण्याची संभाव्यता गणितात समाविष्ट केल्याने भेसळीचा परिणाम आटोक्यात राहिला. पण यंत्र शिकते ते वर्णपटाने आधी वर्गीकृत झालेल्या उदाहरणांवरून, आणि ती उदाहरणे बहुधा तेजस्वी व जवळची असतात. जवळच्या उजेडात शिकलेले दूरच्या अंधुक वस्तूंना लावताना होणारा दोष केवळ संख्या वाढवून जात नाही. तेव्हा वर्णपटाची गरज संपली नसून तिचे स्वरूप बदलले आहे: वर्णपट आता प्रत्येकाची ओळख पटविण्याऐवजी यंत्राच्या निर्णयांची पडताळणी करील.

८. समारोप

वरील चिकित्सेचा रोख वर्णपटीय वर्गीकरण टाकून द्यावे असा नाही. त्याचे सामर्थ्य दाखविणारे एक उदाहरण अखेरीस नोंदविणे उचित होईल. १५७२ साली टायको ब्राहे यांनी पाहिलेल्या नव्या ताऱ्याचा प्रकाश आंतरतारकीय धुळीवरून परावर्तित होऊन २००८ मध्ये पृथ्वीवर पोहोचत होता. क्राउसे व सहकाऱ्यांनी सुबारू दुर्बिणीने त्या प्रकाश-प्रतिध्वनीचा वर्णपट घेतला आणि ४३६ वर्षांपूर्वीचा तो तारा नेहमीच्या १ए वर्गातील असल्याचे सिद्ध केले. दुर्बिणीचा शोध लागण्यापूर्वी विझलेल्या ताऱ्याला मिन्कोव्स्की यांची तात्पुरती चौकट लागू पडली, याहून मोठी पावती ती कोणती?

चिकित्सेतून निघणारे निष्कर्ष असे :

१) वर्गनाम हे वर्णन आहे. स्फोटाच्या कारणाविषयीचे विधान त्यापासून वेगळे, स्वतंत्र पुराव्यानिशी केले जावे.

२) प्रत्येक वर्गनामाबरोबर वर्णपटाचा दिवस, त्याची गुणवत्ता व निर्णयाची खात्री नोंदविली जावी. वर्ग बदलल्यास जुने नाव पुसून न टाकता क्रम जपावा.

३) सलग बदलणाऱ्या लक्षणांसाठी नवनव्या अक्षरांचे उपवर्ग वाढविण्यापेक्षा मोजमापाच्या श्रेणी अधिक प्रामाणिक ठरतील. १बीएन, १सीएन यांच्या पाठोपाठ २०२५ मध्ये एसएन २०२१वायएफजे या एका उदाहरणासाठीही नवे नाव सुचविले गेले. त्याच्या वर्णपटात सिलिकॉन, गंधक व अरगॉन यांचे थर उघडे पडलेले दिसले. हा शोध मोलाचा आहे. तथापि एका सदस्याचा वर्ग झ्विकी यांच्या वर्गांची आठवण करून देतो.

४) अध्यापनात वर्गीकरणवृक्ष पाठ करून घेण्याऐवजी तो कोणत्या क्रमाने, कोणत्या अडचणींतून घडला हे शिकविले जावे. १बी हे नाव १ए च्या शेजारी का आहे, हे ज्या विद्यार्थ्याला सकारण सांगता येते, त्याला सुपरनोव्हांबरोबरच शास्त्र कसे घडते हेही समजलेले असते.

मिन्कोव्स्की यांनी आपली नावे तात्पुरती म्हटली होती. त्यानंतरच्या आठ दशकांत ती कायम झाली, हा वापराचा परिणाम. त्यांच्यातील तात्पुरतेपणाची जाणीव जिवंत ठेवणे, हे या क्षेत्रातील संशोधक आणि अध्यापक या दोघांचेही कर्तव्य आहे.